दहा थंड रात्री आणि अवेळचा फुलोरा

«ताई, नमस्कार. पहिल्यांदाच अननस लावला आहे. दीड हजार रोपं, निम्मी फुटव्यांपासून, निम्मी फळावरच्या शेंड्यांपासून. लावून चौदा महिने झाले. सहा महिन्यांपूर्वी ध्यानीमनी नसताना दहा-बारा रात्री चांगलीच थंडी पडली, आभाळही भरलेलं होतं. ती सरली आणि पाठोपाठ ऊन असं तापलं की पानं लालसर झाली. दोनेक महिन्यांनी बघतो तर तीनशेएक झाडांच्या पोंग्यात फुलोरा! त्यातली काही झाडं तेव्हा पंचवीस पानांचीही नव्हती. आता त्यांना फळं आहेत, पण मुठीएवढी. काहींना दोन-तीन शेंडे फुटलेत, एक तर पंख्यासारखं चपटं आहे. पश्चिमेच्या बाजूनं काही फळं पिवळी पडताहेत. ती पिकली समजायची का? गेल्या आठवड्यात धो धो पाऊस झाला. आणि उरलेली बाराशे झाडं ढिम्म उभी. लवकर आलेली फळं मोडून टाकली तर झाड परत वाढून मोठं फळ देईल का? बाकीच्यांना फुलवायला कार्बाइड टाकून मोकळा होऊ का?»

दादा, नमस्कार. पत्र वाचून आधी हसू आलं, कारण माझ्या पहिल्या लागवडीच्या वहीत जवळजवळ हीच तक्रार लिहिलेली आहे. फक्त माझ्याकडे पंखा नव्हता. सुरुवात तुमच्या मोडण्याच्या प्रश्नापासून करते, कारण फळ एकदा मोडलं की ते परत फिरवता येत नाही.

मोडू नका. अननसाच्या खोडाला वाढणारं टोक एकच असतं. ते पोंग्याच्या, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या झुबक्याच्या, तळाशी बसून पानामागून पान काढत राहतं, आणि एकदा त्यानं फुलोरा काढायचं ठरवलं की ते टोक तिथंच संपतं. त्याच खोडाला परत पान नाही, परत फूल नाही. आंब्याचा मोहोर गळला तर पुढच्या वर्षी त्याच फांदीकडे आशेनं बघता येतं, तसं इथं नाही. फळ मोडलंत तर झाडाची ताकद बुडाशी येणाऱ्या फुटव्यांकडे जाईल, एवढंच. ते फुटवे पुढे खोडव्याचं पीक देतील, पण ते फळ ठेवलं तरी देणारच आहेत. तेव्हा लिंबाएवढ्यावरच अडकलेली, वाकडी, किडकी अशी दहा-वीस फळं असतील तर ती काढा. बाकीची राहू द्या.

मात्र ती फार मोठी होतील अशी आस धरू नका, आणि त्यासाठी खत ओतू नका. अननसाचं फळ म्हणजे एक फळ नव्हेच. शंभर-दोनशे छोटी फुलं एका दांड्याभोवती नागमोडी ओळींत बसतात, खालून वर रोज थोडी थोडी उमलतात आणि प्रत्येकाचा एक डोळा होऊन ते डोळे एकमेकांत जुळून जातात. फळ हातात घेऊन डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजा. बहुतेक वेळा एका बाजूनं ८ आणि उलट बाजूनं १३ भरतील. तर हे डोळे किती असणार, ते फुलोरा तयार होतानाच ठरून जातं, आणि ते ठरतं त्या वेळी झाड केवढं होतं त्यावर. पंचवीस पानांच्या झाडानं बेतानंच डोळे मांडले. आता पाणी आणि अन्न देऊन आहेत ते डोळे भरता येतील, नवा एकही डोळा वाढवता येणार नाही.

आता हे झालं कसं ते सांगते. ते कळलं की तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल.

आपण फळ बघून आजच्या हवेला बोल लावतो. अननसात आज दिसतं ती सहा महिन्यांपूर्वीची हवा असते. हे झाड फुलायचा निर्णय घेतं ते गार रात्री आणि लहान होत जाणारा दिवस यांच्या इशाऱ्यावर. गारवा लागला की पोंग्याच्या तळाच्या कोवळ्या भागात इथिलीन नावाचा वायू जरा जास्त बनायला लागतो, आणि तो त्या वाढत्या टोकाला सांगतो की पानं पुरे, आता फुलं काढ. एरवी हा इशारा ऋतूप्रमाणे ठरल्या वेळी येतो. तुमच्याकडे तो अवेळी आला, आणि झाडाला कॅलेंडर वाचता येत नाही. त्यात आभाळ भरलेलं, म्हणजे दिवसाचं ऊनही तोकडं. झाडानं समजायचं ते समजून घेतलं.

मग बाराशे झाडं का फसली नाहीत? वय आणि अंगकाठी. झाड जितकं भरलेलं, तितकं ते या इशाऱ्याला लवकर भुलतं. फार लहान रोपाला गारवा लागला तरी ते नुसतं थिजून बसतं, फुलत नाही. तुम्ही फुटवे आणि शेंडे एकत्र लावलेत. फुटवा आधीच दांडगा असतो, शेंड्यापासूनचं रोप त्याच्या मागे काही महिने रेंगाळतं. माझी पैज आहे, तीनशेतली बहुतेक झाडं फुटव्यांची निघतील. शिवाय ज्या ओळींत नत्र कमी पडलं असेल, तिथंही फुलोरा जास्त दिसेल, कारण जोमात वाढणारं, नत्रावर पोसलेलं झाड हा इशारा थोडा टाळतं आणि उपाशी झाड पटकन मान्य करतं. एकदा ओळीओळीनं फिरून बघा. पुढच्या वेळी शेंडे एका बाजूला आणि फुटवे दुसऱ्या बाजूला, त्यातही लहान-मोठे निवडून लावा. हवा बिघडली तर निदान एकेका वाफ्यात एकसारखी बिघडेल.

दोन शेंडे आणि पंखा यांचा दोष मात्र थंडीचा नाही, तिच्या मागून आलेल्या उन्हाचा. थंडीनं फुलोरा सुरू करून दिला आणि टोक अगदी नाजूक अवस्थेत डोळे मांडत असताना एकदम ताप आला. अशा वेळी टोक रुंदावतं, कधी दुभंगतं. थोडं रुंदावलं तर वरचा शेंडा एकाऐवजी दोन-तीन होतो, फारच पसरलं तर फळच चपटं होतं. हा रोग नाही, पसरत नाही, त्याला फवारा नाही. जास्तीचे शेंडे मोडावेत का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. मोडलेल्या जागी जखम राहते, तिथून बुरशी आत उतरते, आणि मिळकत काहीच नाही. अशी फळं दिसायला वेडीविद्री असली तरी खायला चांगली असतात. फक्त त्या झाडांचे फुटवे पुढच्या लागवडीला घेऊ नका. दरवेळी तो दोष उतरतोच असं नाही, पण चांगले फुटवे हाताशी असताना जोखीम कशाला?

पश्चिमेची पिवळी बाजू हा पत्रातला सगळ्यात घाईचा मुद्दा आहे. ती पिकल्याची खूण नाही, उन्हाचा चटका आहे. अननस पिकतो तो बुडाकडून वर, सगळ्या अंगानं. फक्त एका कुशीवर, आणि तीही दुपारच्या उन्हाकडची, फिकट पिवळी झाली असेल तर समजा साल भाजतेय. बोट टेकवून बघा: पिकलेल्या बाजूचे डोळे फुगून सपाट झालेले असतात आणि दाबल्यावर किंचित लवतात. भाजलेल्या बाजूचे डोळे निस्तेज दिसतात, काही दिवसांनी तिथं तपकिरी, बुचासारखा कोरडा डाग पडतो, आणि आतला गर पांढुरका, पोकळ होत जातो. दांडा बारीक असला की फळ एका अंगाला कलतं आणि मग तीच कूस दिवसभर उन्हात राहते. लहान झाडांचे दांडे बारीकच असणार.

आजच्या आज दोन कामं करा. कललेल्या फळांना काठीचा आधार द्या. आणि प्रत्येक फळाची आजूबाजूची चार-सहा लांब पानं वर ओढून, फळावर टोपीसारखी गोळा करून, सैलसर बांधा. सुतळी नसेल तर अननसाच्याच एका पानाची चीर काढून बांधली तरी चालते. गवत, कोरडी पानं, जुना कागद, काहीही फळावर ठेवलं तरी काम होतं. एकच गोष्ट सांभाळायची, आत वारा खेळता राहिला पाहिजे, नाहीतर पावसात खाली ओल धरेल.

पावसाचं म्हणाल तर तो कधी आला यावर सगळं आहे. फळ वाढीत असताना आधी कोरड आणि मग एकदम पाणी मिळालं की आतला गर सालीपेक्षा झपाट्यानं फुगतो आणि डोळ्यांच्या मधल्या रेषा तडकतात. तुमच्या तीनशे फळांत हे दिसू शकतं. तडा उघडा दिसला तर ते फळ पहिलं काढायचं, वाट बघायची नाही. काढणीच्या तोंडावर ऊन आणि पाऊस दोन्ही जोरात असतील तर दुसरी भानगड होते: गर पाणीदार, काचेसारखा आरपार दिसायला लागतो. चवीला गोड लागतो पण सपक, आणि फळ टिकत नाही, वाहतुकीत दबून रस सोडतं. अशी फळं लांब पाठवू नका. एखादं फळ बोटाच्या गाठीनं वाजवून बघा. भरीव, मांसल «थप» असा आवाज आला तर आत पाणी धरलंय. थोडा पोकळ, टणटणीत आला तर गर अजून घट्ट आहे. ही परीक्षा शंभर टक्के नाही, चार फळं कापून आवाजाशी ताडून घेतलीत की तुमचा कान तयार होईल.

पण पावसाची खरी भीती फळाला नाही, मुळांना आणि पोंग्याला आहे. अननसाची मुळं वरच्या थरातच असतात आणि त्यांना तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. उद्या सकाळी सगळ्यात सखल ओळीत जा, पोंग्यातलं मधलं पान धरा आणि हलकेच वर ओढा. घट्ट असेल तर निश्चिंत व्हा. अलगद हातात आलं, बुडाचा पांढरा भाग तपकिरी, मऊ आणि त्याला आंबूस-कुजका वास असेल, तर पोंगासड लागली. ते झाड वाचत नाही. उपटून बाहेर काढा आणि त्या ओळीचं पाणी निघायला चर मारा. बुरशीनाशक नंतर, चर आधी. पुढची लागवड गादीवाफ्यावरच करा.

आता बाराशे झाडं. कार्बाइडबद्दल तुम्ही «टाकून मोकळा होऊ का» असं लिहिलंय. मोकळं होण्याची ही गोष्ट नाही, पण कल्पना चुकीचीही नाही. अझोर्स बेटांवर काचेच्या घरांत अननस पिकवायचे, तिथं १८७४ च्या सुमारास धुरानं झाडं एकाच वेळी फुलतात हे लोकांच्या ध्यानात आलं. धुरातला तो करामती घटक इथिलीन आहे हे पुढे १९३२ च्या सुमारास पोर्टो रिकोमधल्या प्रयोगांतून पुढं आलं. आज आपण इथेफॉन वापरतो, ते झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं. कार्बाइड पाण्यात पडलं की ॲसिटिलीन सुटतो, तोही तोच इशारा देतो. म्हणजे तुमच्या दहा थंड रात्रींनी फुकटात आणि अवेळी जे केलं, तेच आपण हवं तेव्हा करायचं.

तेव्हा आधी पानं मोजा. ३५ ते ४० निरोगी पानं असतील तरच झाड फळाला तयार. त्याखालच्या झाडाला इशारा दिलात तर मुठीएवढ्या फळांची दुसरी खेप तुम्ही स्वतःच्या हातानं आणाल. मला वाटतं तुमच्या फुटव्यांपैकी उरलेले तयार असतील आणि शेंड्यांपासूनची बरीच अजून मागे असतील. त्यांना थांबवा, नत्र आणि पाणी देऊन वाढवा. सगळ्यांना एकाच दिवशी उरकायचा मोह होतो. तो आवरा.

दुसरं, तापलेल्या दिवसांत हा इलाज धड लागू पडत नाही. मी एकदा रणरणत्या दुपारी, काम उरकायचं म्हणून, चारशे झाडांत इथेफॉन ओतत गेले. दोन महिन्यांनी निम्मीसुद्धा फुलली नव्हती, आणि जी फुलली ती तिरपागडी, मागेपुढे. चूक माझीच होती. उन्हात इथेफॉन झपाट्यानं फुटून वायू हवेत निघून जातो, आणि झाडही त्या वेळी दार लावून बसलेलं असतं. हे दाराचं प्रकरण अननसाचं खास आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, उघडतात. अननस ती रात्री उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो, आणि दिवसा दारं बंद ठेवून तो वापरतो. पहाटे पानाचा रस आंबट लागतो आणि संध्याकाळपर्यंत तो आंबटपणा उतरतो, तो त्यामुळेच. म्हणून इलाज सूर्य कलल्यावर, रात्रीकडे, किंवा भल्या पहाटे. दिवसाचा पारा २८ अंशांच्या खाली राहतोय असे दिवस मिळाले तर उत्तम. रात्री घामाघूम करणाऱ्या असतील तर महिनाभर थांबलात तरी काही बिघडत नाही, झाड तेवढंच मोठं होईल.

पद्धत अशी: इथेफॉनच्या पाण्यात २ टक्के युरिया आणि ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात, आणि झाडाला ५० मिली द्रावण थेट पोंग्यात ओततात. कार्बोनेटनं द्रावणाचा आंबटपणा कमी होतो आणि वायू सुटायला मदत होते, म्हणून हे मिश्रण करून ठेवायचं नाही, केलं की लगेच संपवायचं. इथेफॉनची मात्रा जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलते, ती बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे घ्या. जास्त घातलं म्हणजे जास्त फळ, असं नसतं. पहिल्यांदा पन्नास झाडांवर करून बघा. आणि आभाळाकडे बघून करा: ओतल्यावर तासाभरात सर आली तर सगळं धुऊन गेलं म्हणून समजा.

कार्बाइडच हाताशी असेल तर थंड पाण्यात लिटरला २० ग्रॅम, आणि तेच ५० मिली पोंग्यात. पण हा वायू पेट घेतो. जवळपास बिडी, काडी, कंदील नको, झाकण घट्ट बंद केलेल्या डब्यात द्रावण करू नका, हातमोजे घाला. आणि हे फक्त पोंग्यासाठी. फळं पिकवायला कार्बाइड वापरू नका, त्यात घातक द्रव्यांचे अंश असू शकतात.

लागलं की नाही हे बघायला दोन महिने थांबायची गरज नाही. तीन आठवड्यांनी एक झाड बळी द्या. उपटा, पानं खरवडून टाका आणि खोड सुरीनं उभं मधोमध चिरा. टोक पानांच्या बुडांमध्ये हरवलेलं, बारीक, जवळजवळ सपाट दिसलं तर इलाज वाया गेला. घुमटासारखं फुगून वर उचललेलं दिसलं तर जमलं. एका झाडाचं नुकसान, पण न लागलेल्या झाडांना लगेच परत इशारा देता येतो. सहा-सात आठवड्यांत पोंग्यात वाकून बघाल तेव्हा पानांच्या बुडाशी तांबूस कडं दिसेल, मग निळसर-जांभळी फुलं, आणि इलाजापासून साधारण साडेपाच-सहा महिन्यांनी काढणी. हवा गार असेल तर आणखी लांबेल.

हा हिशेब उलटाही मांडून बघा. इलाज कधी करायचा हे ठरवताना फळ कोणत्या हवेत पिकणार ते आधी बघा. ऐन थंडीत पिकणारं फळ आंबट राहतं, कारण आम्ल उतरायला ऊब लागते. शिवाय काढणीआधी गार रात्री लागल्या की आत गाभ्याजवळ डोळ्यांच्या मुळाशी तपकिरी ठिपके पडतात आणि पुढे सगळा मधला भाग काळवंडतो. बाहेरून फळ देखणंच दिसतं, म्हणून गिऱ्हाईक तोंडावर येऊन बोलतं. उलट होरपळत्या उन्हात पिकणारं फळ भाजतं आणि पाणी धरतं. मधली, दिवसा तिशीच्या आसपास आणि रात्री विशीच्या आसपासची हवा ज्या महिन्यांत असते, तिथं काढणी आणायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

यापुढे थंडी लवकर येणार असा रंग दिसला, तर अर्धवट वाढलेल्या वाफ्यांना पाणी आणि नत्र तुटू देऊ नका. थंडी अडवता येत नाही, पण भरल्या पोटाचं झाड जरा कमी फसतं. थंडी आलीच नाही, तर झाडं आपणहून फुलायची वाट बघत बसू नका, मोठी होऊन ती नुसती पानं काढत राहतील. आणि एक वही ठेवा. रोज रात्रीचा नीचांक लिहायचा, बाकी काही नाही. कोरड्या, तापल्या काळात पिठ्या ढेकूण आणि त्यांना वाहून नेणाऱ्या मुंग्यांकडेही लक्ष असू द्या. पानांची टोकं लालसर होऊन खाली वळायला लागली की आधी पानांच्या बेचक्यात बघा, तुम्हाला वाटलेली लाली दरवेळी उन्हाचीच असेल असं नाही.

तीनशे फळांची काढणी पिवळ्या कुशीवर नको, खालचे डोळे सगळ्या बाजूंनी रंग धरायला लागल्यावर. अननस तोडल्यावर गोड होत नाही, फक्त रंग बदलतो आणि मऊ पडतो, त्यामुळे हिरवं तोडून घरात ठेवण्यात काही मतलब नाही. आणि तो पंखा विकू नका. आडवा कापून बघा: गाभा गोल न दिसता पट्टीसारखा लांबट दिसेल, टोक कसं आडवं पसरत गेलं ते त्यात सरळ वाचता येतं.